इषुकाराचे कान

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, अजगर आहे, पिंगला गणिका आहे. आणि यादीच्या शेवटाकडे, नवव्या अध्यायात, बाण करणारा एक कारागीर आहे, इषुकार. त्याच्या शेजारून राजाची स्वारी निघून जाते. टीकाकार त्या स्वारीला नगाऱ्यांचा घोषही जोडतात. मन बाणात गुंतल्यामुळे इषुकाराला ती दिसत नाही. मन असे एका जागी खिळले की आत-बाहेरचे भान उरत नाही, एवढा धडा घेऊन अवधूत पुढच्या गुरूकडे वळतो. महाभारताच्या शांतिपर्वातही हा इषुकार भेटतो. तिथे बोध्य ऋषी आपले सहा गुरू सांगतात, आणि ऐकणारा आहे ययाती, म्हणजे यदूचा बाप. राजाकडे ज्याने मान वर करून पाहिले नाही त्याच्याकडून शिका, हे दोन पिढ्यांच्या राजांना सांगितले गेले. प्रवचनांतून ही गोष्ट इतक्यांदा ऐकलेली असते की तिच्यातली अडचण सहसा कुणाला खटकत नाही. एकाग्रतेचा नमुना म्हणून परंपरेने इथे विणकर घेतला नाही, कुंभार घेतला नाही. माणसाच्या छातीत घुसणारी वस्तू घडवणारा घेतला. ज्या कामाचा शेवट हत्येत होऊ शकतो त्या कामात बुडून जाणे हा सद्गुण कसा? माझे म्हणणे असे की तो सद्गुण आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग इषुकाराला नेमके काय ऐकू आले नाही, यावर ठरतो.

आधी ते काम काय असते ते पाहिले पाहिजे, कारण एकाग्रतेच्या चर्चेत बाण लगेच हवेत विरतो आणि नुसते मन शिल्लक राहते. शार्ङ्गधरपद्धती या चौदाव्या शतकातल्या ग्रंथात धनुर्वेदाचा भाग आहे. त्यात बाणाची काडी कशी असावी हे सांगितले आहे: फार जाड नको, फार बारीक नको, पिकलेली, पिवळसर पडलेली, वाईट पेरे नसलेली. पुढे जाड असलेला बाण लांब जातो, मागे जाड असलेला खोल घुसतो, आणि दोन्हीकडे सारखा असलेला लक्ष्यवेधाला उत्तम. पिसे कावळ्याची, हंसाची, क्रौंचाची, मोराची, गिधाडाची, कुररीची. एका बाणाला चार, प्रत्येक सहा अंगुळे लांब. ही यादी हौसेखातर केलेली नाही. उडत्या बाणाच्या शेपटाकडे पिसे वाऱ्याला अडतात, म्हणून टोक पुढे राहते; ती किंचित तिरपी बसवली तर बाण स्वतःभोवती फिरत जातो आणि काडीतला बारीकसा बाक दर फेऱ्याला स्वतःचीच चूक फेडत जातो. म्हणूनच आजही पिसांचे बाण करणारे एका बाणाला एकाच बाजूच्या पंखाची पिसे लावतात. डाव्या पंखाच्या पिसाचा बाक आणि उजव्याचा बाक उलट असतात, आणि दोन्ही एकाच काडीवर आले तर ती एकमेकांशी भांडतात. काडीचा लवचीकपणाही धनुष्याच्या ताकदीला जुळावा लागतो. दोरी सुटते तेव्हा बाण सरळ जात नाही, तो वाकून धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. काडी फार ताठ असली तर तो एका बाजूला जातो, फार मऊ असली तर दुसऱ्या.

सरळ करण्याचे काम सर्वांत जवळून दिसते ते महाजनक जातकात. राज्य सोडून निघालेला महाजनक वाटेत एका गावी इषुकाराच्या दारात थांबतो. तो कारागीर निखाऱ्यांच्या परळावर बाण तापवतो, त्यावर कांजी लावून ओला करतो, मग एक डोळा मिटून दुसऱ्याने काडीच्या लांबीवरून नजर फिरवतो आणि जिथे वाक दिसेल तिथे दाब देतो. एक डोळा का मिटलास, असे राजा विचारतो. दोन्ही डोळ्यांनी सगळेच दिसते, वाक दिसत नाही, असे त्याचे उत्तर. जातककथेला यातून एकांतवासाचा उपदेश काढायचा आहे, आणि ती तो काढते. मला मात्र त्या कांजीच्या आणि निखाऱ्याच्या तपशिलात जास्त काही सापडते. या माणसाची एकाग्रता मनातल्या मनात चाललेली नाही. तिला समोरून उत्तर मिळते. काडी सरळ झाली की नाही हे त्याच्या इच्छेवर अवलंबून नाही, त्याच्या नावलौकिकावर तर नाहीच. नजर फिरवली, वाक अजून आहे, पुन्हा निखाऱ्यावर. ध्यानाला बसलेल्या माणसाला आपले ध्यान लागले असा भ्रम होऊ शकतो. वाकडा बाण सरळ आहे असा भ्रम पहिल्या नेमालाच फुटतो. धम्मपदात पंडिताने मन सरळ करण्याला इषुकाराच्या कामाची उपमा दिली आहे, तिचे बळ याच ठिकाणी आहे.

इथे पहिला आक्षेप येतो: ज्याला शेजारून गेलेला राजा कळला नाही त्याला जागा तरी कसे म्हणायचे? ती एक प्रकारची गुंगीच नव्हे का? हा प्रश्न शंकराचार्यांसमोर होता आणि त्यांनी तो टाळला नाही. ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेची चर्चा आहे. मूर्च्छित माणूस म्हणजे इषुकारासारखा, जागा असूनही बाकीचे न पाहणारा, असे एक मत ते मांडतात आणि खोडून काढतात. इषुकाराला मागाहून विचारले तर तो सांगतो, एवढा वेळ मी बाणच पाहत होतो. मूर्च्छेतून उठलेला सांगतो, मी आंधळ्या काळोखात बुडालो होतो. न पाहण्याच्या दोन अवस्थांमधला हा भेद इतक्या थोडक्यात आणि इतक्या अचूकपणे इतर कुठे मांडलेला माझ्या वाचनात नाही. एकाग्र माणूस साक्ष देऊ शकतो. त्याचे भान हरपलेले नसते, ते एका जागी ठेवलेले असते. आणि जे ठेवलेले आहे ते उचलताही येते. पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे, कारण इषुकार मूर्च्छित असता तर न ऐकण्याबद्दल त्याला दोषही देता आला नसता आणि श्रेयही.

मराठी वाचकाकडे या प्रश्नाचा दुसरा साक्षीदार आहे तो एकनाथ. एकनाथी भागवत ही याच अकराव्या स्कंधावरची अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका. पैठणला सुरू होऊन 1573 साली काशीत ती पुरी झाली. पण टीकेइतकेच एकनाथांचे चरित्रही इथे बोलते, निदान परंपरेने जपलेले चरित्र. दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू. शिष्याकडे हिशेबाचे काम होते. एका रात्री एका पैची चूक सापडेना म्हणून एकनाथ वह्या घेऊन बसले, आणि मध्यरात्र उलटल्यावर चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गुरू जागे झाले. त्यांनी रागावण्याऐवजी एवढेच म्हटले की हीच तन्मयता ईश्वराकडे लागली तर काय होईल. या गोष्टीचा इतिहास म्हणून आग्रह धरायचे कारण नाही. परंपरेला काय महत्त्वाचे वाटले हे ती दाखवते. एका पैची चूक आणि काडीतला बारीक वाक एकाच जातीचे आहेत. दोन्ही ठिकाणी वस्तू आपल्याला खोटे पाडते आणि आपण ते मान्य करतो. जनार्दनस्वामींना हिशेबात आध्यात्मिक शक्यता दिसली ती यामुळे. मात्र त्यांच्या बोलण्यात एक अट आहे आणि ती सुटून चालणार नाही: ही तन्मयता कुठे तरी लावायची आहे. ती स्वतः दिशा ठरवत नाही.

दिशा ठरवत नाही, हाच दुसरा आक्षेप, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी गंभीर. चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस विचारतो, बाण करणारा चिलखत करणाऱ्यापेक्षा जन्मतः कमी दयाळू असतो का? नसतो. पण बाण करणाऱ्याला एकच धास्ती असते, आपला बाण कुणाला लागणार नाही याची. आणि चिलखत करणाऱ्याला धास्ती असते ती माणूस जखमी होण्याची. म्हणून धंदा निवडताना जपावे, असा त्याचा निष्कर्ष. बुद्धाने उपासकाला निषिद्ध सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. आणि मालुंक्यपुत्ताला सांगितलेल्या दृष्टांतात तर बाणाच्या सगळ्या कारागिरीचीच उलटतपासणी आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, काडी कसली आहे, पिसे गिधाडाची की मोराची, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. आणि तेवढ्यात मरून जातो. हा दृष्टांत निरर्थक तात्त्विक प्रश्नांविषयी आहे हे खरेच. तरी शार्ङ्गधराची पिसांची यादी आणि ही यादी शेजारी ठेवा. करणाऱ्याच्या बाजूने जे ज्ञान आहे ते ज्याला लागला त्याच्या बाजूने शून्य आहे. इषुकाराचा गौरव करणाऱ्या कोणत्याही विचाराला या जखमी माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे राहता आले पाहिजे. आपल्या काळाने हा आक्षेप आणखी धारदार केला आहे. अणुबॉम्बच्या कामाचा प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर याने 1954 च्या चौकशीत कबूल केले की एखादी गोष्ट तंत्राच्या दृष्टीने गोड दिसली की माणूस ती करून मोकळा होतो आणि तिचे काय करायचे याचा वाद यशानंतर घालतो. हा इषुकारच बोलतो आहे. राजा बाजूने गेला, आणि त्याला कळले नाही.

या आक्षेपाला एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते आणि मला ते मान्य नाही. ते असे: इषुकार आपला धर्म करतो, बाण कुणावर सोडायचा हे राजा ठरवतो, करणारा निमित्तमात्र. गीतेतला तो शब्द इथे उसना घेणे गैर आहे. अर्जुनाला ते सांगितले गेले तेव्हा तो रणात उभा होता, समोरचे चेहरे त्याला एकेक करून दिसत होते आणि हातातले धनुष्य त्याने एकदा खाली ठेवलेही होते. ज्याने पाहिले, हादरला, विचारले, त्याला दिलेले ते उत्तर आहे. ज्याने पाहिलेच नाही त्याच्या सोयीसाठी ते नाही. महाभारतातच मिथिलेचा धर्मव्याध आहे. तो मांस विकतो आणि कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो, पण आपला धंदा घोर आहे हे लपवत नाही. कुळातून आलेले काम करताना त्यातली हिंसा त्याच्या नजरेसमोर असते, म्हणून त्याच्या तोंडी धर्म शोभतो. जबाबदारी राजावर टाकून इषुकाराला स्वच्छ ठेवायचे तर त्याला धर्मव्याधाच्या खाली बसवावे लागेल.

खरे उत्तर दोन टप्प्यांनी सापडते. पहिला टप्पा गुरूंच्या यादीचाच आहे. अवधूताने चोवीस गुरू केले ते सगळे एकाच रीतीने केले नाहीत, हे एकनाथ स्पष्ट करतात: काहींचा गुण घेण्यासाठी, काहींचा अवगुण टाकण्यासाठी. जाळ्यात पडलेल्या पिल्लांमागोमाग स्वतःही जाळ्यात गेलेला कपोत गुरू आहे, गळाला लागलेला मासा गुरू आहे, पण त्यांच्यासारखे व्हा असे कुणी म्हणत नाही. गुरुत्व अख्ख्या माणसाला मिळत नाही, त्याच्या एका बाजूला मिळते. त्यामुळे इषुकार गुरू आहे असे म्हणताना बाण करणे पवित्र ठरत नाही, आणि बाण घातक आहे म्हणून त्याची नजर खोटी ठरत नाही. मेन्शियस आणि अवधूत एकाच माणसाच्या दोन बाजूंबद्दल बोलत आहेत. एवढ्यावर थांबता आले असते. पण मग एकाग्रता ही धार लावलेल्या सुरीसारखी, कुणाच्याही हाती जाणारी, नीतीशी संबंध नसलेली शक्ती ठरते. आणि तसे मानणे मला पुरेसे वाटत नाही. गोष्टीत अजून काही आहे.

दुसरा टप्पा असा: इषुकाराला जे ऐकू आले नाही ते काय होते? राजाची स्वारी. हा तपशील कथाकाराने सहज घातलेला नाही. हैदराबादच्या मलकपेठेतल्या वाचकाला त्याचे वजन लवकर कळेल. पैठण, दौलताबाद आणि मलकपेठ 1956 पर्यंत हैदराबादच्या एकाच राज्यात होती, आणि स्वारी म्हणजे काय हे या भागाने डोळ्यांनी पाहिलेले आहे. सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे नाव घेतलेले महबूब मॅन्शन इथे उभे राहिले. पंतप्रधान आस्मानजाह यांचा आस्मानगढ टेकडीवर आला. घोड्यांच्या शर्यती मौला अलीहून 1886 साली इथल्या मैदानात आल्या आणि त्यांच्यामागे उमरावांच्या बग्ग्या आल्या. अशी स्वारी निघते ती पाहिली जावी म्हणूनच. हत्ती, भालदार, चोपदार, नगारे, हे सगळे रस्त्याच्या कडेच्या माणसाकडून एक गोष्ट मागत असते: हातातले टाक आणि माझ्याकडे बघ. मी मोठा आहे याला तुझी मान झुकवून साक्ष दे. इषुकाराने ती साक्ष दिली नाही. त्याच्या लेखी त्या क्षणी काडीतला वाक राजापेक्षा खरा होता. हे स्वातंत्र्य आहे, आणि एका राजालाच ते ऐकवणारा अवधूत त्याची किंमत जाणून आहे.

आता गोष्टीत एकच बदल करून पाहा. स्वारीच्या जागी हाक ठेवा. शेजारच्या आडात मूल पडले आहे, आई ओरडते आहे, आणि इषुकार एक डोळा मिटून काडी पाहतो आहे. मागाहून तो सांगतो, एवढा वेळ मी बाणच पाहत होतो. शंकराचार्यांच्या कसोटीने तो अजूनही जागाच होता. आणि म्हणूनच आता तो अपराधी आहे. कुणी अवधूत त्याला गुरू करणार नाही, केलाच तर अवगुण टाकण्यासाठी. एकाग्रता तीच, काडी तीच, निखारे तेच. बदलले ते न ऐकलेले. गोष्टीतली नीती इषुकाराच्या हातात जितकी आहे तितकीच त्याच्या कानांत आहे, ती यामुळे.

हा बदल माझ्या कल्पनेतला असला तरी एकनाथांच्या चरित्रपरंपरेने तो कधीच करून ठेवला आहे. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वराला वाहायला निघालेले एकनाथ वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ते पाणी ओततात. ज्या एका लक्ष्यासाठी इतकी वाट तुडवली ते लक्ष्य एका जनावरासाठी बाजूला होते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य मानलेल्या जातीचे मूल ते उचलून कडेवर घेतात, सोवळे बाजूला ठेवून. इषुकाराच्या तन्मयतेवर टीका लिहिणाऱ्या माणसाबद्दल लोकांनी या गोष्टी सांगितल्या, जपल्या. दौलताबादची आणखी एक गोष्ट तर या प्रश्नाची वेगळीच बाजू दाखवते. जनार्दनस्वामी समाधीत असताना किल्ल्यावर हल्ला झाला. गुरूची समाधी मोडू नये म्हणून एकनाथांनी त्यांचे चिलखत चढवले आणि स्वतः लढायला गेले. तिथे हाक कुणी ऐकली? समाधीत होता त्याने नाही, दाराशी होता त्याने. कुणा एकाची निश्चिंत तन्मयता बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या सावधपणावर टेकलेली असते. इषुकाराच्या घरातही निखारे फुंकणारे, मुलांना आगीपासून दूर ठेवणारे, गिऱ्हाइकाशी बोलणारे कुणी असणारच. भागवत त्यांचा उल्लेख करत नाही. एकाग्रतेची स्तुती करणाऱ्याने तो करायला हवा.

यावर जाणकार म्हणेल की असे कान उघडे ठेवून केलेली एकाग्रता ही एकाग्रताच नव्हे. अर्धे मन काडीवर आणि अर्धे दारावर असेल तर बाण वाकडाच होणार. दोन कामे एकदम होत नाहीत, एवढे त्यात खरे आहे. पण ऐकणे म्हणजे सतत कानोसा घेणे नव्हे. ढगांच्या गडगडाटात गाढ झोपलेली आई बाळाच्या कुरकुरीने जागी होते. तिची झोप अर्धवट नसते, काय ऐकायचे हे झोपण्याआधीच तिच्यात ठरून गेलेले असते. इषुकाराचेही तसेच. स्वारी ऐकू येऊ नये आणि हाक ऐकू यावी ही निवड तो निखाऱ्याशी बसल्यावर करत नाही. ती आधीच, त्याच्या सगळ्या जगण्यातून झालेली असते. शिवाय बाण एकेक करून होतो. प्रत्येक बाण संपतो, भात्यात जातो, आणि पुढची काडी उचलण्याआधी एक फट असते. हे बाण कुणासाठी, हा प्रश्न त्या फटीतला आहे. ओपेनहायमरच्या कबुलीतली चूक काम चालू असताना विचार न करण्याची नव्हे. फट आली तेव्हा पुढची काडी उचलण्याची आहे.

स्वतःचे बाण स्वतः करून सोडणाऱ्या आजच्या धनुर्धराकडे म्हणूनच मला छंदापलीकडचे काही दिसते. हल्ली बहुतेक स्पर्धक कार्बनच्या नळ्या वापरतात. साताऱ्यात सराव करून 2023 साली बर्लिनमध्ये विश्वविजेते झालेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे हे याच नव्या साधनांच्या पिढीतले. तरी नळी आपल्या हाताच्या ओढीला बेतून कापणे, टोक चिकटवणे, खाच बसवणे, पिसे किंवा प्लॅस्टिकचे पंख एकसारख्या कोनात लावणे हे काम अनेक जण स्वतः करतात, आणि आपल्याकडे बांबूच्या धनुष्यबाणांचा ‘इंडियन राउंड’ अजून टिकून आहे. स्पर्धेच्या नियमानुसार प्रत्येक बाणाच्या काडीवर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे लागतात. बाणावर नाव घालण्याची चाल फार जुनी आहे. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’त पुरूरव्याला आपल्या मुलाचा पत्ता लागतो तो बाणावरच्या नावावरून. पण ते नाव नेहमी सोडणाऱ्याचे. करणाऱ्याचे नाव बाणावर नसते, आणि भागवतातल्या इषुकारालाही नाव नाही. करणारा एक, सोडणारा दुसरा, या फाळणीतच जबाबदारी हरवण्याची सोय होती. स्वतः केलेला बाण स्वतः सोडणाऱ्याच्या काडीवर दोन्ही नावे एकच होतात. बाण चुकला तर पंख कुणी लावला हे विचारावे लागत नाही, आणि तो कशावर लागावा हेही त्याने आधीच ठरवलेले असते: गवताच्या फळीवरचा कागद. मेन्शियसची धास्ती इथे मावळते. कुणी म्हणेल, हा खेळ आहे, निर्धोक आहे, यावरून शस्त्रांच्या जगाबद्दल काय कळणार? कळते ते हे की तन्मयता आणि हिंसा यांची गाठ अटळ नाही. ती फाळणीने बसते, आणि फाळणी मोडली की सुटू शकते.

शस्त्रांच्या जगात मात्र फाळणी टोकाला गेली आहे, आणि तिचे उदाहरण शोधायला मलकपेठेहून लांब जावे लागत नाही. सैदाबाद, संतोषनगर ओलांडले की कंचनबागेत संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा लागतात. 1982 साली अब्दुल कलाम तिथल्या प्रयोगशाळेचे संचालक झाले, 1983 साली क्षेपणास्त्रांचा एकात्मिक कार्यक्रम सुरू झाला आणि 1989 साली ‘अग्नी’ची पहिली चाचणी झाली. क्षेपणास्त्राच्या शेपटाचे पंख आणि बाणाची पिसे यांचा मूळ हेतू एकच, टोक पुढे ठेवणे. पण एका इषुकाराच्या जागी इथे हजारो आहेत. कुणी पंख करतो, कुणी कवच, कुणी इंधन, आणि अख्खा बाण कुणा एकाच्या डोळ्यासमोर नसतो. दुसरा बदल याहून सूक्ष्म आहे. भागवतात स्वारी राजाची होती आणि इषुकाराने तिच्याकडे पाहिले नाही. आता 26 जानेवारीला दिल्लीच्या कर्तव्यपथावरून जी स्वारी निघते तिच्यात बाणच मिरवतो. नगारे करणाऱ्यासाठीच वाजतात. राजाच्या वैभवाकडे पाठ फिरवणे जमलेल्या माणसालाही स्वतःच्या कामाचा जयघोष न ऐकणे फार कठीण जाते.

अशा ठिकाणी हाक कशी पोचावी? कलामांनी पुढे अनेक भाषणांत सांगितलेला एक प्रसंग आहे. पंजागुट्ट्याच्या निजाम वैद्यकीय विज्ञान संस्थेतले एक अस्थितज्ज्ञ प्रयोगशाळेत आले. ‘अग्नी’साठी तयार केलेले हलके कार्बन द्रव्य त्यांनी हातात उचलून पाहिले आणि कलामांना आपल्या रुग्णालयात नेले. तिथे पायांना तीन किलोंहून जड धातूचे कॅलिपर बांधलेली मुले पाय ओढत चालत होती. तीन आठवड्यांत प्रयोगशाळेने तीनशे ग्रॅमचे कॅलिपर करून दिले. मुले त्यांवर पळू लागली. हा आपल्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदांपैकी एक, असे कलाम सांगत. त्या डॉक्टरांना द्रव्याचे गुणधर्म इंजिनिअरांइतके ठाऊक नव्हते. त्यांना मुलांची पावले ठाऊक होती. दारातून आलेल्या त्या माणसामुळे काडीवरची नजर उठली, आणि तीच नजर, त्याच अचूकपणासह, दुसऱ्या वस्तूवर बसली. जनार्दनस्वामींनी पैच्या हिशेबात जी शक्यता पाहिली ती हीच.

कॅलिपरने क्षेपणास्त्र धुऊन निघत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. धर्माचा हिशेब जमा-खर्चाचा नाही की एका रकान्यातले पुण्य दुसऱ्या रकान्यातून वजा करता यावे. ‘अग्नी’ असावा की नसावा हा वेगळा प्रश्न आहे, त्याला सीमा, शेजारी आणि अण्वस्त्रांचे राजकारण लागते, आणि तो प्रयोगशाळेत सुटणारही नाही; तो ज्यांच्या नावाने बाण सोडला जाईल त्या सर्वांचा, म्हणजे आपलाही आहे. प्रसंगातून सिद्ध होते ते याहून मर्यादित, पण मला ते मोलाचे वाटते. शस्त्र घडवण्यात पूर्ण बुडालेल्या माणसांनाही हाक ऐकू येऊ शकते, तिने त्यांचे काम बिघडत नाही, आणि ती ऐकू येण्यासाठी रुग्णालयातल्या माणसाला आत येऊ देणारे दार लागते. कंचनबागेसारख्या जागी पहारे असणारच. त्या पहाऱ्यांतून कोण आत येतो, आणि आत आलेल्याचे ऐकून घ्यायला पुढची काडी खाली ठेवण्याची मुभा तिथल्या सर्वांत कनिष्ठ कारागिरालाही आहे का, हे विचारण्याचा अधिकार बाहेरच्या नागरिकाला आहे.